करारनाम्यांतील क्रियापद

वाङ्मयपरीक्षणाच्या पानांवर करारनाम्यांचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न एखादा रसिक वाचक विचारील. काव्य, नाटक व कादंबरी यांचा जेथे हक्क, तेथे राष्ट्राराष्ट्रांतील तहांचे रुक्ष मसुदे आणून टाकणे हा अतिप्रसंग वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पृथ्वीच्या वाढत्या उष्म्यासंबंधाने जे करार, ठराव व जाहीरनामे निर्माण झाले, त्यांचा संभार आता इतका वाढला आहे की त्यास एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणण्यास हरकत नसावी. या वाङ्मयाचे लेखक शेकडो, वाचक थोडे. आणि ज्यांच्या अन्नपाण्याचा निवाडा त्यात व्हावयाचा, ते तर बहुधा त्याचे वाचक नव्हेतच. अशा लेखनाची परीक्षा भाषेच्या अंगाने होणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती परीक्षा आम्ही बीड जिल्ह्यात बसून करणार आहोत, कारण या वादातील बहुतेक सर्व पक्ष या एका जिल्ह्यात कोणत्या ना कोणत्या वेषाने हजर आहेत.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'हवापालट' हा आपल्या भाषेतील जुना शब्द. प्रकृती बिघडली म्हणजे ऐपतदार गृहस्थ महाबळेश्वरास अथवा पाचगणीस हवापालटासाठी जात. आता हवा स्वतःच पालटली असून तिच्यासाठी कोणास घर सोडून जावे लागत नाही. शासनाने 'वातावरणीय बदल' हा भारदस्त शब्द खात्याच्या नावात घातला. वृत्तपत्रे 'हवामान बदल' म्हणतात. आणि बालाघाटाच्या माथ्यावरचा शेतकरी 'पाऊसमान राहिले नाही' एवढेच म्हणतो. तिन्हींत शेवटचा प्रयोग आम्हांस अधिक नेमका वाटतो. काय गेले, ते त्यात सांगितले आहे.

या जिल्ह्याचे पाऊसमान मुळातच बेताचे. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ आणि २०२३-२४ ही अवर्षणाची वर्षे लोकांच्या आठवणीत ताजी असतानाच २०२५ च्या सप्टेंबरात येथे असा पूर आला की सिंदफणेच्या व गोदावरीच्या काठची उभी पिके मातीसकट वाहून गेली. एका पुराचे वा एका दुष्काळाचे खापर सबंध हवामानावर फोडू नये, हा शास्त्रज्ञांचा इशारा योग्यच आहे. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते व धरलेले एकदम ओतते, हे तत्त्वही तेच सांगतात. येथे एक सावधगिरीची सूचना करणे प्राप्त आहे. जागतिक कारण सापडले म्हणजे स्थानिक कारण विसरण्याची सोय होते. धरणाच्या पाण्यावर ऊस लावावयाचा, साखर कारखान्यांची संख्या वाढवावयाची आणि विहीर आटली म्हणजे आकाशाकडे बोट दाखवावयाचे, ही रीत आमच्याकडे पडली आहे. २०१९ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी या प्रदेशात उसावर बंदी घालावी अशी शिफारस केली होती. तिचे पुढे काय झाले, ते शिवारे पाहणाऱ्यास सांगावयास नको.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. १९९२ साली रिओ येथे जो आराखडा-करार झाला, त्याचे बीजवाक्य जबाबदारीविषयीचे आहे: जबाबदारी सर्वांची, परंतु सर्वांची सारखी नव्हे. या एका वाक्यासाठी पुष्कळ वाद झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९९१ साली, दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी एक लहानशी पुस्तिका काढून वॉशिंग्टनच्या एका संस्थेने मांडलेल्या हिशेबावर झोड उठविली. त्या हिशेबात भाताच्या खाचरातून आणि गुरांच्या पोटातून निघणारा वायू व मोटारगाडीचा धूर एकाच तागडीत घातला होता. जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांत भेद करा, हे त्या पुस्तिकेचे सांगणे. आमच्या मते या सबंध वाङ्मयात इतका सरळ विचार दुसरा झाला नाही. आजही भारतीय माणसाच्या वाट्यास येणारा कार्बनी धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असून अमेरिकन माणसाच्या वाट्यास तो भारतीयाच्या सहा-सात पट आहे.

यानंतर १९९७ साली क्योटोचा मसुदा आला. तो कडक होता. औद्योगिक राष्ट्रांनी १९९० च्या मानाने किती कपात करावयाची, कोणत्या मुदतीत करावयाची, हे आकड्यांनी लिहिले होते. परिणाम असा की अमेरिकेच्या सेनेटने क्योटोच्या आधीच, त्याच वर्षीच्या जुलैत, अशा एकतर्फी करारास ९५ विरुद्ध शून्य मतांनी नकार देऊन ठेवला. पुढे कॅनडानेही २०११ साली अंग काढून घेतले. कडक क्रियापद लिहिले तर बलवान निघून जातो, हा धडा मुत्सद्द्यांनी तेथे घेतला.

तो धडा पॅरिसमध्ये उपयोगास आला. १२ डिसेंबर २०१५ रोजी अंतिम मसुदा वाटला गेला तेव्हा चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात विकसित राष्ट्रांविषयी 'शॅल' हे क्रियापद पडले होते. अमेरिकेच्या वकिलांनी ते पाहिले आणि धावपळ उडाली. 'शॅल' राहिल्यास करार बंधनकारक होऊन सेनेटपुढे न्यावा लागला असता, आणि सेनेटमध्ये तो मेला असता. अखेर सचिवालयाने किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत, स्वल्पविराम व क्रमांक यांच्या जोडीने, 'शॅल'च्या जागी 'शुड' वाचून दाखविले आणि हातोडा पडला. वाङ्मयाच्या इतिहासात पाठभेदांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु एका पाठभेदावर एवढी मोठी इमारत उभी राहिल्याचे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

मराठीत हा भेद कसा करावा? आमचे वैयाकरण आज्ञार्थ आणि विध्यर्थ असे दोन अर्थ वेगळे मानतात. 'कर' ही आज्ञा. 'करावे' हा विध्यर्थ. विध्यर्थाची गंमत अशी की कर्तव्य, योग्यता, शक्यता आणि इच्छा हे सर्व त्या एका 'वे'मध्ये नांदतात. 'मुलांनी वडिलांचे ऐकावे' यात कर्तव्य आहे. 'एकदा काशीस जावे' यात नुसती इच्छा. विकसित राष्ट्रांनी उत्सर्जन घटवावे, हे वाक्य पहिल्या जातीचे की दुसऱ्या, ते ज्याने त्याने ठरवावयाचे! आणि सरकारी मराठीतील 'कार्यवाही करण्यात यावी' हा प्रयोग तर याहून पुढे गेलेला. त्यात करणाराच गायब असतो. तेव्हा परक्यांच्या भाषेस हसण्यापूर्वी आमच्या कचेऱ्यांतील मराठीकडेही पाहावे.

तथापि पॅरिसच्या कराराची निंदा करून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्यात कडक क्रियापदे आहेत. ती कोठे आहेत एवढेच पाहावे. प्रत्येक राष्ट्राने आपला संकल्प तयार करणे, तो कळविणे, दर पाच वर्षांनी नवा देणे आणि आपल्या धुराचा हिशेब सादर करणे बंधनकारक आहे. संकल्पासाठी देशांतर्गत उपाय योजण्याचेही बंधन आहे. संकल्प पुरा करण्याचे मात्र नाही. म्हणजे सांगणे सक्तीचे, साधणे ऐच्छिक. यात अर्थ नाही असे नव्हे. चारचौघांत सांगितलेल्या गोष्टीची माणसास लाज असते, आणि लाज हेही एक बंधन आहे. परंतु त्यासाठी सांगणारा सभेत बसलेला हवा. अमेरिका २०२० साली बाहेर पडली, २०२१ साली परत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. लाजेवर उभारलेल्या व्यवस्थेचा हा कमकुवत सांधा आहे.

या करारांच्या शेजारी आम्हांस दुसरा एक कागद ठेवून पाहावासा वाटतो. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामापूर्वी मुकादम कोयत्यास उचल देतो आणि ती तोडीच्या मजुरीतून फिटावयाची असते. या व्यवहाराचा कागद झाला तर त्यात विध्यर्थ नसतो. रक्कम असते, हंगाम असतो, आणि फेडणाराचे नाव असते. दिवस बुडाला तर खाडा पडतो. आजारपण, बाळंतपण ही सबब नव्हे. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. ज्यांच्या धुराचा जगाच्या हिशेबात मागमूस लागणार नाही, त्यांच्या करारातील क्रियापद सर्वांत कडक. आणि ज्यांच्या कारखान्यांनी दोन शतके आकाश भरले, त्यांच्या करारातील सर्वांत मऊ. हा भेद भाषेचा नाही, सत्तेचा आहे, हे आम्ही जाणतो. पण सत्ता भाषेत कोठे लपून बसते, हे दाखविणे टीकाकाराचे काम आहे.

मग बलवानाने कडक क्रियापद कधी स्वीकारलेच नाही काय? स्वीकारले आहे, आणि त्याचे एक उदाहरण आमच्या दाराशी वाहते आहे. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडीची, पायाभरणी १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांनी केली व १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाकडे येते. परंतु वरच्या अंगास, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत, दारणा, गोदावरी, प्रवरा, मुळा या नद्यांवर धरणे झाली आणि तुटीच्या वर्षी खाली काय उरणार हा प्रश्न उभा राहिला. वरच्यांचे म्हणणे असे की आमची वहिवाट जुनी, आमच्या बागा व कारखाने त्या पाण्यावर उभे आहेत, आणि सोडलेले पाणी निम्मेअधिक वाटेतच मुरते. खालच्यांचे म्हणणे असे की तुम्ही आधी घेतले म्हणून अधिक घेण्याचा हक्क कसा होतो? रिओपासून चाललेला सबंध वाद येथे गोदावरीच्या पात्रात ऐकू येतो. फक्त धुराच्या जागी पाणी घालावयाचे.

या वादात २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. तुटीच्या वर्षी तूट सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावयाची, असे त्याच्या बाराव्या कलमात आले. तेव्हाही हे सुभाषितच होते. कोणी कोणास थेंब दिला नसता. पुढे मेंढेगिरी समितीने २०१३ साली कोष्टके तयार केली, आणि १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने हुकूम काढला: १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी भरल्यास वरच्या कोणत्या धरणसमूहाने काय करावयाचे, ते कोष्टकाप्रमाणे ठरेल. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी तो उचलून धरला.

या हुकुमात वाङ्मयगुण औषधालाही नाही. त्यात मानवजात नाही, भावी पिढ्या नाहीत, वसुंधरामाता नाही. एक तारीख आहे, एक टक्केवारी आहे, आणि धरणांची नावे आहेत. परंतु २०१५, २०१८ व २०२३ या तिन्ही तुटीच्या वर्षी त्याच्या आधारे पाणी सोडण्याचे आदेश निघाले. २०२३ च्या ऑक्टोबरात ८.६ अब्ज घनफूट, म्हणजे आपल्या बोलीतील टीएमसी, पाण्याचा आदेश झाला. वर आंदोलने झाली, न्यायालयाची दारे ठोठावली गेली, तरी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पाणी सुटले. ते सुटताना नदीकाठच्या पंपांची वीज तोडावी लागते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, आणि त्या फळ्या काढणाऱ्यांच्या पाठीशी पोलीस उभे करावे लागतात. आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी लिहिणाऱ्या पंडितांनी एकदा तरी हा फळ्या काढण्याचा प्रसंग पाहावा. सहकार्य म्हणजे मनोमीलन नव्हे, हे त्यांच्या ध्यानात येईल. वरच्यांची मने आजही जुळलेली नाहीत, आणि त्या ६५ च्या आकड्याच्या फेरविचाराची भाषाही पुढे सुरू झाली.

यावर आक्षेप उघड आहे. नाशिक आणि बीड यांच्यावर एक शासन व एक न्यायालय आहे. राष्ट्रांच्या डोक्यावर कोण आहे? आक्षेप खरा आहे, पण पुरता खरा नाही. ओझोनचा थर विरू लागला तेव्हा १९८७ साली मॉन्ट्रियल येथे जो करार झाला, त्यात पदार्थांची नावे, आकडे व तारखा होत्या; गरीब राष्ट्रांस दहा वर्षांची सवलत होती; आणि १९९० साली लंडनमध्ये, भारत व चीन यांनी हट्ट धरल्यावर, खर्चासाठी एक निधीही उभा राहिला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. तो करार पाळला गेला आणि ओझोनचा थर सावरू लागला. अर्थात, तेथे काही थोड्या कंपन्यांचे थोडे पदार्थ होते. कोळसा आणि तेल यांच्यावर तर सबंध आधुनिक संसार उभा आहे. उदाहरण पुरे पडत नाही. पण कडक क्रियापद लिहिताच सगळे पळून जातात हा समज त्याने खोटा ठरतो. गरिबास सवलत आणि खर्चास पैसा, या दोन गोष्टी सोबत असल्या तर माणसे थांबतात.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांविषयी एक आख्यायिका आहे. दुष्काळामुळे त्यांच्या वडिलांकडून सरकारचा वसूल भरला गेला नाही, तेव्हा बेदरच्या बादशहाने मुलास ओलीस ठेविले. आणि मुदत संपत आली असता दत्तात्रेयाने पाडेवाराच्या वेषात येऊन सर्व रक्कम भरली व पोरास सोडविले. पैसे कोणी दिले, हे बादशहास कळले नाही. कोपनहेगन येथे २००९ साली श्रीमंत राष्ट्रांनी वर्षास शंभर अब्ज डॉलर २०२० पर्यंत देऊ असे सांगितले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने तो आकडा २०२२ साली गाठला गेला, आणि त्यात कर्जे किती व देणगी किती यावर वाद राहिला तो राहिलाच. बाकू येथे २०२४ साली तीनशे अब्जांचा आकडा ठरला, मुदत २०३५. तो पैसा सरकारी असेल, खासगी असेल, नाना मार्गांनी येईल. विकसित राष्ट्रे 'पुढाकार' घेतील. देणारा कोण, ते बादशहासारखे आपणांसही कळावयाचे नाही. गरीब राष्ट्रांनी मागितले होते तेरा हजार अब्जांच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे तेराशे अब्ज. भारताच्या प्रतिनिधींनी त्या सभेतच या ठरावावर कडक आक्षेप नोंदविला, आणि तो रास्त होता.

रास्त आक्षेपाबरोबर आपल्यावर काय येते, तेही पाहिले पाहिजे. बीड जिल्हा गोदावरीवर 'खालचा' आहे. पण मांजरेवर तो 'वरचा' आहे. ती नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते, केज तालुक्यात धनेगावला अडते, आणि त्या पाण्यावर लातूर शहर जगते. २०१६ साली ते धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी न्यावे लागले. मांजरेच्या काठी बोलताना बीडच्या पुढाऱ्यांचे शब्द नाशिककरांच्या शब्दांशी किती जुळतात, हे ऐकण्यासारखे असते. भारताचेही तसेच आहे. अमेरिकेपुढे तो खालचा. परंतु एकंदर उत्सर्जनात जगात तिसरा असल्याने मालदीव व वानुआतू यांच्यापुढे वरचा. २०२१ साली ग्लासगो येथे कोळसा 'बंद करीत जाणे' याऐवजी 'कमी करीत जाणे' हा पाठ भारताने सुचविला, तेव्हा तेलवायूच्या धन्यांनी केवळ कोळशावर बोट ठेवावे हा अन्याय आहे, हे भारताचे म्हणणे खरे होते. आणि त्या दुरुस्तीमुळे लहान बेटांच्या प्रतिनिधींस वाटलेले दुःखही खरे होते. परिषदेच्या अध्यक्षांचा कंठ तेव्हा दाटून आला होता.

आपला कोळसाही आपल्यास नेहमी पावतो असे नाही. परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासूनचे. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत ते बंद ठेवावे लागले. कोळसा होता, पाणी नव्हते. दरडोई सरासरीचे शस्त्र घेऊन भारत परदेशी भांडतो, ते त्याने भांडावेच. पण त्या सरासरीत मुंबईचा वातानुकूलित महाल आणि शिरूर कासारचा कोयता एकत्र भागले जातात. बाहेर जो न्याय मागावयाचा, त्याचे कोष्टक घरात कोणी मांडलेले नाही. जायकवाडीच्या हुकुमासारखा एक रुक्ष कागद या बाबतीत निघेल, तर आमच्या प्रतिनिधींच्या भाषणास जे वजन येईल ते कोणत्याही अलंकाराने येणार नाही.

२३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वानुआतूच्या पुढाकाराने विचारलेल्या प्रश्नांवर, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे असे मत दिले. ते सल्लावजा आहे. त्याच्यामागे फळ्या काढणारा कोणी नाही. तरी 'करावे' या पदाचा अर्थ इच्छेकडून कर्तव्याकडे सरकला, ही बाब लहान नव्हे. त्यानंतर नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे परिषद भरली. खनिज इंधने सोडण्याविषयी तिच्या अंतिम मसुद्यात शब्द नाही. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी लागणारा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करण्याच्या प्रयत्नांचे आवाहन आहे. तिप्पट करणे नव्हे, तसा प्रयत्न करणेही नव्हे, प्रयत्नांचे आवाहन. पुराने शेते खरवडून नेलेल्या सिंदफणेकाठचे कोयते त्या महिन्यात उचलीच्या कागदावर अंगठा करून कारखान्यांच्या वाटेस लागले होते.